वगळलेले दोन ठिपके

कांतिकाका,

तुमच्या शोकसभेत अकरा जण बोलले. मी मोजत होते. अकरापैकी नऊ जणांनी तुम्हाला 'दानशूर' म्हटलं. त्यातल्या निदान चौघांना मी तुमच्याच दुकानाच्या पायरीवर उभं राहून 'एक शेअरवाला म्हातारा' असं तुमच्याबद्दल बोलताना ऐकलं आहे. एका पुढाऱ्याने तुम्ही तरुणांच्या हृदयात कायम राहाल असं डोळे पुसत सांगितलं, आणि खुर्चीवर येऊन बसताच शेजारच्याला विचारलं, "जेवान हाय का नुसता च्या?" नुसता चहा होता. तो पिऊन ते गेले.

एवढ्याने मला काही वाटलं नसतं. मंचरात कोणी गेलं की हीच भाषणं होतात, नाव तेवढं बदलतं. पण मग आमचे सर उभे राहिले. माझ्या एम.कॉम.च्या प्रकल्पाचे मार्गदर्शक. ते म्हणाले, "कांतिशेठजींच्या अनमोल मार्गदर्शनाखाली आमच्या एका विद्यार्थिनीने शेअर बाजारातल्या कंपन्यांची भांडवल रचना आणि त्यांची नफाक्षमता यावर अतिशय अचूक संशोधन केलं. त्यातला आलेख यंदाच्या वार्षिक अंकात आपण त्यांच्या स्मृतीस अर्पण करत आहोत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी मान खाली घालून बसले. त्या आलेखात दहा ठिपके आहेत. बारा असायला हवे होते. हे तुम्हाला माहीत होतं, सरांना माहीत आहे, मला माहीत आहे. तुम्ही आता बोलू शकत नाही, सर बोलणार नाहीत. राहिले मी.

अंकाचं काम पाहणाऱ्या मराठीच्या मॅडमनी मला त्या आलेखासमोरच्या पानासाठी तुमच्यावर लिहायला सांगितलं आहे. म्हणाल्या, "जन्म, शिक्षण, कार्य, असं क्रमाने लिही." तुमचा जन्म कुठला ते मला माहीत नाही. राजस्थानातून तुमचे आजोबा आले होते एवढं तुम्ही एकदा म्हणाला होता, आणि तेही मारवाडी येतं का असं मी विचारलं म्हणून. "येतं की. पर कुणाशी बोलू? हितं तर समदे मंचरचे." शिक्षणही माहीत नाही. कार्य म्हणावं तर पाइप, व्हॉल्व आणि पाइपला वळण द्यायचे एल्बो विकणे. तेव्हा जे मला माहीत आहे तेच लिहिते. मॅडम छापतील का नाही, सांगता येत नाही.

मी पहिल्यांदा तुमच्या दुकानात आले ती पप्पांबरोबर. पप्पा अवसरीहून भाजीची पिकअप चालवतात. घरच्या टाकीचा व्हॉल्व गळत होता. ते व्हॉल्व बघत होते आणि मी तुमच्या मागच्या फळीकडे बघत होते. एकीकडे पाइप चिकटवायच्या सोल्युशनचे डबे, आणि त्यांना लागून गुळगुळीत कागदाची जाडजूड पुस्तकं. कंपन्यांचे वार्षिक अहवाल. वर्गात सरांनी त्यांचं नाव वीसदा घेतलं होतं, पण एकही कधी दाखवला नव्हता. तुम्ही गल्ल्यावर पट्टी आणि पेन्सिल घेऊन त्यातलाच एक वाचत होता.

"हे तुम्ही वाचता?" मी विचारलं. मला वाटतं मी फार मोठ्याने विचारलं, कारण पप्पांनी माझ्याकडे बघितलं.

"न्हाई, सामान बांधायला ठेवलेत," तुम्ही म्हणालात, आणि मग हसलात. "बस, मॅडम. कोणत्या इयत्तेत?"

तुमची पद्धत मला तिथेच कळली. ज्या कंपनीबद्दल कुतूहल वाटेल तिचा एकच शेअर घ्यायचा. एक शेअर घेतला की तुम्ही मालक, आणि मालकाला हिशेब मागायचा हक्क. आता सगळं ईमेलवर पाठवतात, तर तुम्ही प्रत्येक कंपनीला पत्र लिहून छापील अहवाल मागवायचात. पोस्टमन वैतागायचा. बाजारात लोक हसायचे. एक शेअर घेऊन म्हातारा किती कमावणार? तुम्ही कमावण्यासाठी घेतच नव्हता, हे त्यांच्यापैकी एकालाही कधी सुचलं नाही. ज्याला विचार करायला एकच विषय आहे, त्याला दुसऱ्याचाही तोच दिसतो.

माझा प्रकल्प असा होता. कंपनी दोन प्रकारच्या पैशावर चालते, एक मालकांचा आणि दुसरा कर्जाऊ. या दोन्हींचं प्रमाण म्हणजे भांडवल रचना. हे प्रमाण बदललं तर नफा कमी-जास्त होतो का, हे बाजारात नोंदलेल्या बारा कंपन्या घेऊन बघायचं होतं. सरांना विचारलं आकडे कुठून घेऊ, तर म्हणाले, "नेटवर आहेत." निष्कर्ष कसा लिहायचा विचारलं, तर म्हणाले, "झेरॉक्सवाल्याकडे आहे."

आणि खरंच होता, काका. एसटी स्टँडसमोरच्या त्या दुकानात संगणकावर 'निष्कर्ष' नावाचा फोल्डर आहे. त्यात सगळ्या विषयांचे निष्कर्ष तयार. आधी निष्कर्ष, मग प्रकल्प. आमच्या वर्गातल्या एकाने तो घेतला आणि त्याच्या प्रकल्पात नगरच्या कुठल्यातरी सरांचे आभार तसेच राहिले. त्याच्या निष्कर्षात बँक होती, प्रकल्पात दूध डेअरी. त्याला उत्तम श्रेणी मिळाली. तपासणाऱ्यांनी बांधणी तपासली असावी. सोनेरी अक्षरं नीट बसली होती.

मला तसं करायचं नव्हतं. मी फार मोठी प्रामाणिक आहे असं नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. आई नर्सरीत रोपांचे ट्रे भरते आणि घरी येऊन विचारते, "आज काय शिकवलं?" तिला काहीतरी खरं सांगता यावं, एवढंच.

म्हणून मी तुमच्याकडे येऊ लागले. दुपारच्या तासांनंतर, तुमचा डबा उघडायच्या आधी. तुम्ही दिवस मावळायच्या आत जेवायचात, त्यामुळे पाच वाजता मला उठवायचात. तुम्ही शिकवलं म्हणणं बरोबर नाही. तुम्ही नुसतं माझं लिहिलेलं खोडायचात. "एकतीस मार्चचा आकडा हाय हा. पावणं येणार म्हनून घर झाडून ठेवलेलं. एप्रिलात काय व्हतं ते इचार." किंवा, "अगं, नफा वाढला न्हाई, ज्यानं भागलंस तो मालकाचा पैसा कमी हाय. छेद लहान झाला की आकडा मोठा दिसनारच. चौथीतलं गनित हाय."

शेवटी माझा आलेख झाला. आडव्या रेषेवर कर्ज, उभ्या रेषेवर नफा. बारापैकी दहा ठिपके छान उतरत्या रेषेत आले. कर्ज कमी तिथे नफा जास्त, कर्ज जास्त तिथे नफा कमी. दोन ठिपके मात्र भलतीकडे. एक वीज वाहून नेणारी कंपनी, डोक्यावर एवढं कर्ज आणि तरी नफा भरपूर. दुसरी एक जुनी कापड कंपनी. एक पैसा कर्ज नाही आणि वर्षानुवर्षं तोटा.

मी आनंदाने लिहिलं होतं, 'यावरून सिद्ध होते की कर्ज कमी केल्यास नफा वाढतो.' तुम्ही ते वाक्य तीनदा वाचलंत.

"तुझे पप्पा डाक्टरकडं किती येळा जातात?"

"जात नाहीत. त्यांना काही होत नाही."

"आन् तू सांगतीस ते शेजारचे आबा?"

"दर आठवड्याला."

"मंग आबांना सांग, डाक्टर बंद करा, ठनठनीत व्हाल."

मला राग आला होता. पण ठणठणीत माणूस डॉक्टरकडे जात नाही, म्हणून न जाण्याने कोणी ठणठणीत होत नाही, हे समजायला मला बसस्टॉपपर्यंत चालावं लागलं. ज्या कंपनीला भरपूर नफा होतो तिला कर्जाची गरजच पडत नाही. मी उलटं धरलं होतं. वर्गात कुणी हे सांगितलं नाही. सांगायला आधी कळावं लागतं.

"तुझे दहा ठिपके तुला आधी ठावं व्हतं तेच सांगत्यात," तुम्ही दुसऱ्या दिवशी म्हणालात. "काय शिकायचं ते त्या दोघांकडनं शीक. विजेवालीची कमाई बारमाही, ठरलेली, म्हनून बँका दारात उभ्या. आन् ह्या कापडवालीनं पयल्या पानावर सोनेरी छापलंय, 'कर्जमुक्त कंपनी'. कर्ज घेतलं न्हाई का कुनी दिलं न्हाई? दोन येगळ्या गोष्टी हायेत, मॅडम."

"हे कळणार कसं?"

"इचारायचं. मालक हाय मी."

तुमचा तो एक शेअर. त्या कापड कंपनीची वार्षिक सभा ऑनलाइन होती. बोलायची नोंदणी मी माझ्या फोनवरून केली. तुम्ही त्या दुपारी कोट घालून आलात, टोपी नवी, आणि पाइपांच्या भिंतीपुढे स्टुलावर ताठ बसलात. मी फोन धरला होता. तीन मिनिटं मिळणार होती. एक तास आम्ही इतरांचं ऐकलं. प्रत्येक भागधारक अध्यक्षांचं कौतुक करत होता, एकाने तर त्यांच्यावर चारोळी म्हटली. तोट्यातली कंपनी, आणि चारोळी!

मग तुमचं नाव पुकारलं. तुम्ही घसा साफ केलात. "नमस्कार. मी मंचरहून बोलतोय, माझा तुमच्या कंपनीत एक शेअर हाय." पलीकडे कोणीतरी हसलं. "तुमी कर्जमुक्त हाय आसं लिवलंय. माझा प्रश्न येकच. तुमी कर्ज मागितलं व्हतं का, आन् बँकेनं काय सांगितलं?"

त्याच क्षणी दुकानात डोंगरातल्या आहुप्याहून एसटीने आलेले एक मामा शिरले. झऱ्याचं पाणी घरापर्यंत आणायला त्यांना सामान हवं होतं. ते थेट फोनपाशी येऊन म्हणाले, "शेठ, दीड इंची एल्बो हाय का?"

सगळ्या सभेने ते ऐकलं. तुम्ही हात वर केलात, मामा थांबले. अध्यक्ष म्हणाले, पुणे जिल्ह्यातून इतक्या उत्साहाने सहभागी झाल्याबद्दल आभारी आहोत, आपल्या मौल्यवान सूचनेची नोंद घेतली आहे, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

"कुनाशी भांडन लागलंय शेठ?" मामांनी विचारलं.

"भांडन न्हाई. इचारलं फकस्त."

"मंग काय म्हनला?"

"कायबी न्हाई म्हनला."

"म्हंजी देनार न्हाई," मामा म्हणाले. "चार एल्बो द्या."

तुम्ही इतके हसलात की टोपी काढून ठेवावी लागली. मामांना त्या सभेचं काहीच माहीत नव्हतं, आणि कोटातल्या त्या सगळ्या मंडळींपेक्षा त्यांना जास्त कळलं होतं.

मग मी काय केलं ते लिहायचं आहे.

आलेख सरांना दाखवला. सरांनी दोन ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हे काढून टाक. आउटलायर आहेत, रेषेबाहेरचे. रेषा कशी सुंदर येईल बघ." मी म्हणाले, सर, पण तेच दोन महत्त्वाचे आहेत. सर हसले. असं हसले की जणू मी गावाकडून पहिल्यांदाच लिफ्टमध्ये चढले आहे. "तुला पहिला नंबर पाहिजे ना? की तो पाइपवाला तुला मार्क देणार आहे?"

मला सरांचा तिरस्कार वाटतो. तरी त्यांनी माझा हात धरून ठिपके खोडले नाहीत. ते मी खोडले. दोन ओळी निवडल्या आणि एक बटण दाबलं. शीर्षकातलं 'बारा' काढून 'दहा' केलं. 'यावरून सिद्ध होते' हे वाक्य परत घातलं. आभाराच्या पानावर तुमचं नाव लिहिलं आणि बांधून आणलं. सोनेरी अक्षरं माझीही नीट बसली.

पहिला नंबर आला. कॉलेजच्या दारात माझा फोटो लागला. आई कामाच्या साडीतच तो बघायला आली.

तुम्ही प्रकल्प हातात घेऊन आधी आलेखाचं पान काढलंत. पेन्सिलीच्या टोकाने ठिपके मोजलेत.

"बारा व्हते ना?"

मी सरांचं सांगितलं.

"सरांनी सांगितलं आन् तू काढले. चोर हायेस तू."

मला तेव्हा काय झालं माहीत नाही. खरं म्हणजे माहीत आहे. सरांकडे असताना शिकलेलं हसू मी तुमच्यावर हसले. म्हणाले, "तुमचंही दुकान कर्जमुक्तच आहे ना काका? तीस वर्षं तेवढंच आहे. समोरच्याने कर्ज काढून तीन मजले चढवले. तुमचा ठिपका कुठे काढायचा, त्या कापड कंपनीशेजारी?"

तुम्ही डबा उघडलात. पाच वाजले नव्हते.

त्यानंतर मी आले नाही.

मग संवत्सरी आली. त्या दिवशी तुमच्या जैन समाजात सगळे एकमेकांची क्षमा मागतात. माझ्या फोनवरही फुलांची आणि मोरांची चित्रं आली, ज्यांनी कधी माझं काही बिघडवलं नव्हतं अशांकडून. एकाच चित्रात सगळ्या जगाची क्षमा, किती सोयीचं. तुम्ही चित्र पाठवलं नाही. तुम्ही एसटी स्टँडवर आलात, हातात कापडी पिशवी, त्या दिवशीचा कडक उपास, ओठ सुकलेले.

"मी तुला चोर म्हनालो," तुम्ही म्हणालात. "चोरी केलीस ते खरं हाय. पर चोर म्हनायला नको व्हतं. तेवढ्याची माफी."

माझी अवसरीची गाडी लागली होती. मी म्हणाले, "ठीक आहे काका," आणि चढले. खिडकीतून पाहिलं तर तुम्ही पिशवी वर करून काहीतरी सांगत होता. मला वाटलं, पाइपचं सामान असेल. हेही खोटं. मला काहीच वाटलं नाही. मी फोन बघितला.

तुम्ही गेल्याचं मला कुणाच्या तरी स्टेटसवरून कळलं. शटर वर करताना छातीत कळ आली, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

परवा मी दुकानात गेले. तुमचे चिरंजीव नीलेशभाऊ पुण्याहून आले आहेत. चांगले आहेत, पण घाईत आहेत. अहवाल रद्दीत निघाले होते, तराजूही आला होता. "तुला पाहिजे तर ने," ते म्हणाले. "बाबांना एवढा नाद नसता तर समोरच्यासारखं दुकान झालं असतं." तेच वाक्य मी आधी बोलून बसले होते.

फळीच्या खालच्या कोपऱ्यात ती कापडी पिशवी होती. आत कापड कंपनीचा नवा अहवाल. पहिल्या पानावर यंदाही सोनेरी 'कर्जमुक्त'. पण मागे, लेखापरीक्षकांच्या बारीक टायपातल्या एका टिपेखाली तुमची पेन्सिलीची रेघ. कंपनीने खेळत्या भांडवलासाठी बँकांकडे मागणी केली होती, कुठलीही बँक तयार झाली नाही, असं त्यात लिहिलं आहे. तुमच्या तीन मिनिटांचं उत्तर. एक वर्ष उशिरा, बारीक अक्षरात. आणि समासात तुमच्या हातचे दोन शब्द: 'मॅडमला दाखवणे.'

मी ते पान घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा न लावताच बघितलं. "आलेख छापायला गेला. आता कशाला? आणि ते आता राहिले नाहीत. त्यांना काय फरक पडतो?"

सर, तुमच्यासारख्या माणसाला माणूस गेल्यावर फरक पडत नाही, कारण तो असतानाही पडला नव्हता. हे मी तोंडावर बोलले नाही. इथे लिहिते आहे.

तर समोरच्या पानावर दहा ठिपके छापलेले आहेत, आणि खाली काकांचं नाव आहे. वाचणाऱ्यांना विनंती आहे. पेन घ्या. उजवीकडे अगदी वरच्या कोपऱ्यात एक ठिपका द्या, ही वीज वाहून नेणारी. डावीकडे, शून्याला लागून, आडव्या रेषेच्याही खाली दुसरा द्या, ही कापडवाली. आता ती सुंदर रेषा त्यांच्याजवळून जात नाही. 'यावरून सिद्ध होते' हे वाक्य खोडा. यावरून काहीही सिद्ध होत नाही. कर्जाने नफा ठरतो, की नफ्याने कर्ज, की दोन्ही तिसऱ्याच कशाने, हे मला अजून कळलेलं नाही. हा माझा निष्कर्ष आहे, आणि तो झेरॉक्सवाल्याकडे मिळणार नाही.

काका, तुम्ही जशी नेमकी माफी मागितली तशीच मागते. मी दोन ठिपके खोडले. तुमचं नाव खोट्या आलेखावर घातलं. स्टँडवर तुम्ही बोलत असताना फोन बघितला. आणि तुमचं दुकान तीस वर्षं तेवढंच राहिलं असं म्हणाले. राहिलं ते खरं आहे. पण मी म्हणायला नको होतं.